तीन वाजताची नळी

एस्बिएरच्या बंदराजवळ, जुन्या मासळी कारखान्याच्या पाठीशी
बिनखिडकीची एक खोली आहे.
तिथे आम्ही दिवस बाहेर ठेवलाय.
घड्याळ नाही, फोन नाही, दाराला फटसुद्धा नाही;
उजेड किती सोडायचा ते टॉर्किलच्या कागदावर.

येप्पे, वय चोवीस. आधी तीन रात्री जागला,
आता चोवीस तास या खाटेवर टेकून, जागाच.
मिळणाऱ्या पैशांतून सायकल घेणार आहे.
दर तीन तासांनी मी त्याच्या दंडातून
एक नळी रक्त काढते, तिच्यावर वेळ लिहिते,
आणि त्याला दिसू नये म्हणून आकडा अंगठ्याखाली झाकते.
"सकाळ झाली का, विबेके?"
"पाव खा," मी म्हणते.
दर तासाला तोच पाव, तेवढंच चीज, काकडीचे चार काप,
कारण भूकसुद्धा चुगली करते वेळेची.

टॉर्किल सांगतो त्यातलं मला एवढं कळतं:
पेशी-पेशीत घड्याळ आहे,
आणि त्याच्या हाताखाली काही जनुकं, रफूवाल्यांसारखी.
जगता जगता सूत उसवतंच.
ती ठरल्या वेळी येतात, टाका घालतात, उठून जातात.
पण दिवस-रात्र उलटीपालटी झाली
की काहींना वेळच सापडत नाही,
काही अवेळी येऊन दार वाजवतात,
आणि भोक तेवढं राहतं.

"म्हणजे कॅन्सर?"
त्यानं चष्मा पुसला. "कदाचित."
मग पुसलेला चष्मा पुन्हा पुसला.
एवढ्याचसाठी मला तो माणूस आवडतो:
'कदाचित' कधी गिळत नाही.

माझी आई, अस्ता, याच कारखान्यात
रात्रभर हेरिंग डब्यांत भरायची.
सकाळी येऊन पडद्यांना टाचण्या लावायची,
आम्ही बूट हातात घेऊन शाळेला निघायचो.
एक्कावन्नाव्या वर्षी डाव्या बाजूला गाठ.
डॉक्टरांनी विचारलं, सिगारेट किती? मुलं किती?
अंगावर किती महिने पाजलं?
कधी झोपता, हे कुणी विचारलं नाही.
आणि विचारलं असतं तर ती हसली असती.
"झोपते? अहो, मी पडते."

मी एकोणीस वर्षं रात्रीच.
आधी इस्पितळात, आता इथे.
रात्रपाळीनं पहिल्यांदा माझी पाळी विस्कटली.
एकाच शब्दात दोन्ही बसतात,
एकाच शरीरात बसल्या नाहीत.

पहाटे तीनची नळी.
येप्पेचे डोळे भाजल्यासारखे लाल,
जीभ जड झालेली, तरी विचारतो,
"आणि तू? तुझं रक्त कोण घेतं?"

मी कापूस दाबून धरला, जरा जास्तच वेळ.
रॅकमध्ये आठ भोकं, आठही त्याच्या नावाची.
ट्रेमध्ये एक नळी उरली होती.
तिच्यावर मी माझं नाव लिहिलं,
उगाच, शाई चालते का बघायला.
मग पुसून टाकलं.

साडेसातला बाहेर पडले तर
समुद्रावर ऊन आडवं पसरलेलं,
मासे नाहीत तरी सवयीनं घिरट्या घालणारे सीगल.
काळा चष्मा चढवून मी उजेडाच्या कडेकडेनं घरी आले.

दारात पत्र. पन्नाशी ओलांडलेल्या सगळ्या बायांना येतं तेच.
छातीची तपासणी, मंगळवारी, सकाळी सव्वादहा.
म्हणजे नेमकी माझी मध्यरात्र.

हसू आलं, अस्ताला आलं असतं तसंच.
मग टाचण्यांचा डबा काढला, पडदा ओढला,
वरच्या कोपऱ्यातली चीर राहते नेहमी,
तिथे तिचीच जुनी टाचणी खोचली.
रफूला कुणी आलंच, तर अंधार तरी असू दे.

गजर लावला,
मंगळवारचा, नऊचा.